पाय बुडतात? बुडू द्या

प्रश्न : मी ५४ वर्षांची आहे. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि एप्रिलपासून टँकवर बायकांच्या सकाळच्या बॅचला जाते. पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढणं जमलं, रॉड धरून पाय मारणं जमलं, फळी धरून आडवा टँकही पार करते. गाडी अडली आहे ती पाठीवर तरंगण्यापाशी. मॅडमचा हात पाठीखाली असतो तोवर मी पडून राहते. हात काढला की पाय खाली जातात, मग कंबर, मग नाकात पाणी, आणि मी धडपडत उभी. त्यातून कानात पाणी शिरलं की नकोच वाटतं. मॅडम म्हणतात, "काकू, अंग सोडा." सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते मला कळत नाही. बरोबरच्या मुली दोन दिवसांत तरंगायला लागल्या. माहेरी आमची विहीर होती. भाऊ पाठीला डबा बांधून तिथेच शिकले, आम्ही बहिणी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. मिस्टर म्हणतात, "गुडघ्यासाठी जातेस ना, मग पाण्यात चाल की. तरंगायचं कशाला?" माझं शरीरच तरंगणारं नाही का? की आता वय झालं? आणि खरंच, नुसतं तरंगता येऊन उपयोग काय?
ता. क. : मानेचाही थोडा त्रास आहे.
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, तुमचं शरीर तरंगतं. धीर द्यायला म्हणत नाही, तुमच्याच पत्रात तसं लिहिलेलं आहे. मॅडमचा हात पाठीखाली असेपर्यंत तुम्ही पडून राहता. उद्या गेलात की मॅडमना विचारा, त्या हातावर भार किती येतो. जमिनीवर तुम्हाला उचलायला दोन माणसं तरी लागतील. पाण्यात मॅडम तुम्हाला दोन बोटांवर धरून पलीकडच्या मुलीला सूचना देत असणार. म्हणजे तेव्हाही वर ठेवण्याचं काम पाणीच करत होतं. हाताचा उपयोग होता तो थोडा तोल सावरायला आणि बराचसा भरवशाला.

दुसरं म्हणजे, तुम्ही क्रम फार नेमका लिहिला आहे: आधी पाय, मग कंबर, मग नाक. दगड पाण्यात टाकला तर तो असा हप्त्याहप्त्याने जात नाही, अख्खा जातो. तुमच्या बाबतीत एक टोक खाली जातंय आणि दुसरं वर राहतंय. तुम्ही बुडत नाही आहात, फिरता आहात.

का फिरता, ते एकदा समजून घ्या, कारण समजलं की निम्मी धास्ती जाते. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन एक किलो. माणसाच्या शरीराचं लिटरमागे वजनही जवळपास तेवढंच भरतं. फुप्फुसं भरलेली असली तर किंचित कमी, पूर्ण रिकामी केली तर बहुतेकांचं किंचित जास्त. खोल श्वास घेतला की दोन-अडीच लिटर हवा आत येते आणि तरंगायचं की जायचं, ते या हवेवर ठरतं. पण ही हवा असते छातीत. मांड्या-पोटऱ्यांत हाडं आणि स्नायू, तिथे हवा कुठली? त्यामुळे पाणी तुम्हाला उचलतं छातीपाशी आणि वजन तुम्हाला खाली ओढतं कमरेपाशी. ही दोन ठिकाणं एकाखाली एक येईपर्यंत शरीर फिरत राहतं. आली की फिरणं थांबतं. कुणाचं जवळजवळ आडवं असतानाच थांबतं, कुणाचं तिरकं, अर्धवट उभ्या अवस्थेत. पण थांबतं. आणि त्या वेळी छातीत हवा असेल, डोकं मागे पाण्यावर टेकलेलं असेल, तर नाक-तोंड पाण्याबाहेर राहतं.

तुम्ही ते थांबायची वाटच पाहत नाही. पाय निघाले असं जाणवलं की मान उचलता आणि पायांकडे बघता. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. डोकं पाण्यात असेतो तो भार पाणी घेतं. बाहेर काढलंत की तो उरलेल्या शरीरावर येतो. दोन-अडीच लिटर हवेच्या जोरावर वर राहिलेल्या शरीरावर वरून एवढा भार ठेवला तर ते जाईल नाही तर काय? त्यात दचकल्यामुळे श्वासही सुटतो. वरून भार वाढला, आतली हवा कमी झाली, आणि नाव मात्र पायांचं वाईट झालं.

म्हणून पाय बुडत असतील तर बुडू द्या. चार फुटी बाजूला आहात, टाच तळाला टेकली तर टेकू द्या. नजर वर छपराकडे किंवा आभाळाकडे ठेवा आणि चेहरा बाहेर राहतो का, तेवढंच पाहा. ब्रिटनमध्ये समुद्रात सापडलेल्यांना वाचवणारी आरएनएलआय नावाची संस्था १८२४ पासून काम करते. २०१७ पासून त्यांची मोहीमच आहे: पाण्यात पडलात तर पोहत सुटू नका, डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या आणि आधी तरंगा. पाय खाली गेले तरी चालतील, प्रत्येकाचं तरंगणं वेगळं असतं, हेसुद्धा त्यांच्या सूचनांमध्ये आहे. आपल्याकडच्या टँकांवर मात्र सगळ्यांनी सपाट आडवं, पायाचे अंगठे वर दिसतील असंच पडायला हवं, असा एक हट्ट असतो. तसं पडलेलं छान दिसतं, एवढंच. जीव सपाट पडल्यानेच वाचतो असं काही नाही.

फक्त एक काळजी घ्या. पाय आडवे वर धरून मग एकदम सोडले तर ते झोकात खाली जातात आणि त्या झोकाबरोबर छाती-चेहराही ओढला जातो. तुमचं नेमकं हेच होत असावं. मॅडम तुम्हाला सपाट धरतात, मग हात काढतात. त्याऐवजी सुरुवातच तिरक्या अवस्थेतून करा. पाय तळाशी, गुडघे वाकलेले, मागे रेलत रेलत खांदे पाण्यात, मग मानेचा मागचा भाग, मग कान. पाय आपण होऊन जेवढे उचलले जातील तेवढेच. नाही उचलले गेले तरी तुम्ही तुमच्या जागेवर पोहोचलेल्या आहात.

आता ते "अंग सोडा". मी स्वतः बायकांना शिकवते आणि ही सूचना मला अजिबात आवडत नाही. घाबरलेल्याला "घाबरू नको" म्हटल्याने जेवढा फायदा होतो तेवढाच हिचाही होतो. शिवाय ती निम्मी चुकीची आहे. अंग खरोखर सगळं सोडलं तर शरीर कमरेत मोडतं, बूड खाली जातं आणि पाय नि डोकं वर येऊ बघतं. सैल हवेत ते मान, खांदे, जबडा आणि हाताची बोटं. दात आवळलेले असतील तर मान सैल राहूच शकत नाही, करून पाहा. कंबर मात्र हलकीशी धरायची, बेंबी पाण्याच्या वर दाखवायची आहे असं समजून. मॅडम चांगल्याच असतील, वीस जणींच्या बॅचमध्ये प्रत्येकीला हे सुटं सुटं सांगायला वेळ नसतो. तुम्हीच विचारा, "मॅडम, कुठलं अंग सोडू?" उत्तर येईल.

पण या सगळ्याच्या आधी शिकायची गोष्ट वेगळीच आहे आणि ती फार ठिकाणी शिकवलीच जात नाही. पाठीवरून उभं कसं राहायचं?

जमिनीवर उताणं असलो की आपण कुशीवर वळतो, हाताने रेटा देतो आणि उठतो. पाण्यात रेटा द्यायला काही नसतं. मग नवशिकी बाई काय करते, तर डोकं झटक्याने वर आणते आणि पाय खाली आपटायला जाते. पाय पुढे घसरतात, शरीर मागे पडतं, आणि उभं राहायच्या धडपडीत चार फुटांत गटांगळी खाते. एकदा असं झालं की पुढच्या वेळी आडवं व्हायलाच मन तयार होत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. जिथून परत येता येत नाही तिथे जायचं कशाला? तुमच्या पत्रातलं "धडपडत उभी" वाचून मला हाच संशय आला.

तर उभं राहायचं ते असं. गुडघे छातीकडे ओढा. दुखत असतील तर जेवढे येतील तेवढेच. पाण्यात त्यांच्यावर भार नसतो, त्यामुळे बहुधा येतात. त्याच वेळी हनुवटी छातीकडे आणा आणि दोन्ही हात पाण्याखालून मागून पुढे, पाणी ओढून घेत आणा. बूड खाली जाईल, पाठ सरळ होईल, तुम्ही पाण्यात खुर्चीवर बसल्यासारख्या व्हाल. बसल्याशिवाय पाय सोडायचे नाहीत. बसलात, की पाय खाली, तळ लागला, उभ्या. हे सगळं करताना नाकाने "हंऽऽ" असा आवाज काढत राहायचं. नाकातून हवा बाहेर येत असेल तर पाणी आत जात नाही.

याचा सराव तरंगण्याआधी करायचा. टँकवर फोमची लांब नळी असते, नूडल म्हणतात तिला. ती पाठीमागून दोन्ही काखांखाली घ्या, मागे रेला, गुडघे वर, बसा, उभ्या राहा. पुन्हा. पुन्हा. कंटाळा येईपर्यंत. तो कंटाळा फार मोलाचा आहे, कारण ज्या गोष्टीचा कंटाळा आला तिची भीती वाटत नाही. एखादी पूर्ण सकाळ यातच गेली तरी जाऊ द्या. मग नूडल काढून, मॅडमचा हात ठेवून तेच. तरंगणं त्यानंतर.

कानांचं. कान पाण्यात गेले की बाहेरचा गलका एकदम बंद होतो आणि स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येतो. कित्येकींना पाण्यापेक्षा त्या बंद होण्याचीच धडकी भरते. मॅडम काय सांगतायत ते ऐकू येत नाही, हेही असतं. त्यामुळे कान पाण्यात घालण्याची सवय उभ्याउभ्याच करा: रॉडला धरा, गुडघे वाकवा, डोकं मागे टेका, कान बुडवा, आणि आपला श्वास मोजा. पाय तळाला, हात रॉडला, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. कानात गेलेलं पाणी पडद्यापर्यंत जातं आणि तिथेच थांबतं, डोक्यात शिरत नाही. बाहेर आल्यावर मान एका बाजूला झुकवून कानाची पाळी ओढली की निघून जातं. काडी घालू नका, तेल सोडू नका. कान फुटलेला असेल, वाहत असेल किंवा कधी पडद्याचं ऑपरेशन झालं असेल तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोकं पाण्यात घालायचं नाही.

हातापायांचं सांगते. हात मांडीला चिकटवून पडलं की पाय सगळ्यांत लवकर जातात. तेच हात पाण्यातूनच डोक्याकडे नेले तर वजन थोडं वरच्या बाजूला सरकतं आणि पाय उचलले जातात. खांदा आखडलेला असेल, आणि पन्नाशीत तो अनेकींचा असतो, तर हात नुसते बाजूला पसरा, तळवे आभाळाकडे. गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून पाय जवळ घेतले तरी तोल सुधारतो, कारण लांब पायांचं ओझं कमरेजवळ येतं. हे एकेक करून बघा. कुठल्या जुळणीत तुमचं फिरणं लवकर थांबतं ते तुम्हालाच सापडेल, मी इथे बसून सांगू शकत नाही. आणि कमरेपाशी तळव्यांनी पाणी हलकेच बाहेर-आत लोटत राहिलात तर त्यात लबाडी काही नाही. जन्मभर तसं केलंत तरी चालेल.

श्वास हा यातला सगळ्यांत नाजूक भाग. बायका दोन टोकं गाठतात: एक तर श्वास कोंडून धरतात, मग छाती आखडते, आणि कधीतरी तो एकदम सुटतो तेव्हा अंग खचकन खाली जातं. नाही तर मोठमोठे उसासे टाकतात आणि प्रत्येक उसाशाला निम्म्या बुडतात. तोंडाने चटकन भरून घ्या, क्षणभर ठेवा, आणि हळू सोडा. पण पूर्ण रिकामं होऊ देऊ नका, वरवरचाच सोडा आणि पुन्हा भरा. श्वासाबरोबर शरीर इंच-दोन इंच वर-खाली होत राहील. ते होणारच. खाली जाताना पाणी गालांना, कधी ओठांच्या कडेला लागेल, तेव्हा मान न उचलता पुढचा श्वास येऊ द्यायचा. शिकण्यासारखं धाडस म्हणाल तर ते एवढ्या दोन सेकंदांचं आहे.

योगाच्या वर्गाला जात असाल तर कुणी तुम्हाला प्लाविनीबद्दल सांगेल. हठयोगात या नावाचा एक कुंभक आहे, त्यात पोट हवेने भरून खोल पाण्यावर कमळाच्या पानागत पडून राहता येतं असं वर्णन आहे. त्याच्या नादाला लागू नका. हवा गिळून पोट फुगवायची तुम्हाला गरज नाही, छातीतली पुरते. पाण्यात ढेकर आणि ठसका एकदम आला तर पंचाईत.

वयाबद्दल विचारलंत. वय वाढतं तसे स्नायू आणि हाडं घटतात, चरबी वाढते. चरबी पाण्यापेक्षा हलकी. म्हणजे पन्नाशीनंतर अंगावर जे चढतं आणि साडी नेसताना जे नकोसं होतं, ते टँकमध्ये तुमच्या बाजूने उभं राहतं. बायकांच्या मांड्या-कमरेवर ते पुरुषांपेक्षा जास्त असतं, म्हणून बायकांचे पाय एकंदरीत कमी बुडतात. तरण्या, काटक, पायात ताकद असलेल्या मुलांना पाठीवर पडणं सगळ्यांत अवघड जातं. तुमच्या बॅचच्या मुली दोन दिवसांत शिकल्या ते शरीर वेगळं म्हणून नव्हे. त्यांनी मान मागे टाकली आणि पायांकडे पाहिलं नाही, एवढंच.

तुमच्या भावांचं म्हणाल, तर विहिरीतलं शिक्षण वेगळंच असतं. पाठीला डबा, नाही तर वाळलेला भोपळा, कुठे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, नंतरच्या काळात ट्यूब. थोरला चुलता वरून ढकलून देणार, आणि खाली पुरुषभर पाणी. तिथे थांबणं हा पर्यायच नसतो, हातपाय मारत काठ गाठायचा. त्यातून पोरं तयार झाली, सूर मारायला लागली, मुटके मारायला लागली, पण विहिरीत शिकलेले कितीतरी दमदार पोहणारे पाण्यात स्वस्थ पडून राहू शकत नाहीत. दम संपला की त्यांच्याकडे काही उरत नाही. भाऊ कधी भेटले तर विचारून बघा, पाठीवर पडून राहता येतं का म्हणून. आणि काठावर कपडे राखायला बसवलेल्या मुलींबद्दल मला पुष्कळ बोलायचं आहे, पण तो या सदराचा विषय नाही. तुम्ही ५४ व्या वर्षी पाण्यात उतरलात, तेवढं पुरे.

उपयोग काय, या प्रश्नात मिस्टरांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भारच उरतो, त्यामुळे पाण्यात चालणं गुडघ्यांना उत्तम. ते सोडू नका. पण तुम्हाला पोहायचंही आहे, आणि तिथे पुढचा धोका दिसतो. बहुतेक टँकांवर मोठ्या बायकांना ब्रेस्टस्ट्रोक शिकवतात आणि तोही डोकं वर ठेवून, बेडकासारखे पाय फाकवून. त्या लाथेत गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो आणि सतत वर धरलेल्या मानेवरही. तुमचे तर गुडघे आणि मान दोन्ही दुखतात. तुमच्यासाठी पाठीवरचं पोहणं सोयीचं: पाय कमरेपासून सैल वरखाली, मान पाण्याने धरलेली, तोंड सतत हवेत. आणि त्याची पहिली पायरी म्हणजे तुम्ही जिथे अडला आहात तीच. तेव्हा तरंगणं हे तुमच्या गुडघ्यांचंच औषध आहे असं घरी सांगायला हरकत नाही.

दुसरा उपयोग उघड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत देशभरात बुडून मेलेल्यांचा वर्षाचा आकडा ३० हजारांच्या वर आहे. आपल्या भागातल्या बातम्या तुम्ही वाचताच: तळ्यावर, नदीवर धुणं धुताना एकीचा पाय घसरला, तिला धरायला दुसरी गेली, मग तिसरी. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं हात हलवून हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं न येतं, तेवढ्यात श्वास घ्यायचा की ओरडायचं? हात आपोआप पाणी खाली दाबत राहतात. बऱ्याचदा मिनिटभरही मिळत नाही आणि काठावरच्यांना कळतही नाही. ज्या बाईला उताणं होऊन नाक वर ठेवता येतं तिला श्वास मिळतो, आणि श्वास मिळाला की हाक मारता येते. अंगात साडी असली की पायाला गुंडाळते, पाय मारता येत नाहीत. तरंगायला पाय मारावेच लागत नाहीत. काठावर असलेल्यांनी मात्र उडी मारायची नाही. साडीचं टोक, दोर, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेकायचं. पाच लिटरचा रिकामा कॅन छातीशी धरला तर माणसाचं डोकं वर राहतं.

पण टँकमध्ये जमलं म्हणून कृष्णेत करून बघायचं नाही, हे सांगली जिल्ह्यातल्या वाचकाला मुद्दाम सांगते. वाहत्या पाण्यात तरंगणारी वस्तू जाते ती प्रवाहाबरोबर, आणि पुढे बंधारा असला तर तिकडे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे खालच्या बाजूला ते गोल फिरून मागे येतं आणि सापडलेल्याला पुन्हा पुन्हा आत ओढतं. तिथे पट्टीचे पोहणारेही अडकतात. चुकून प्रवाहात पडलातच तर उताणं राहून पाय प्रवाहाच्या दिशेला करायचे, म्हणजे दगड आला तर पायाला लागेल, डोक्याला नाही. आणि हातांनी तिरकं काठाकडे सरकायचं. समुद्राचं पाणी लिटरमागे साधारण २५ ग्रॅमने जड असतं, त्यामुळे साठ किलोच्या बाईला तिथे दीडएक किलोचा जास्तीचा आधार मिळतो आणि तरंगणं खरोखर सोपं जातं. तरीही कोकणात सहलीला गेल्यावर सराव करू नका. लाट कानाखालून येते तेव्हा दिसत नाही, आणि ओहोटीचं पाणी तुम्हाला कुठे घेऊन चाललंय ते आभाळाकडे बघून कळत नाही. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर धोक्याचे फलक उगाच लावलेले नाहीत.

आता मॅडमशी बोलायचं काय, ते. त्यांना सांगा की हात न सांगता काढू नका. काही शिकवणारे मुद्दाम गुपचूप काढतात, "बघा, मी धरलंच नव्हतं!" म्हणून दाखवायला. लहान मुलं हसतात. मोठ्या माणसाचा विश्वास जातो आणि पुढचे आठ दिवस तो हाताकडेच लक्ष ठेवून पडतो. त्यापेक्षा अख्खा तळहात, मग चार बोटं, मग एक बोट, मग पाण्याखाली हात तिथेच पण न लागता, आणि प्रत्येक वेळी आधी सांगून. नुसता डोक्याखाली हात ठेवला तर पाठीखालच्यापेक्षा जास्त उपयोग होतो, तुमच्या बाबतीत तर नक्कीच. मिस्टर कधी बरोबर आले तर त्यांना पायांजवळ उभं करू नका, पाय उचलून धरण्याचा मोह होतो.

आणि मान. ती मागे मोडायची नाही. डोकं मागे टाका असं मी वर म्हटलं, त्याचा अर्थ डोकं पाण्यावर टेकवा एवढाच. नजर सरळ वर, हनुवटी किंचित उंच. मागे बांधलेला अंबाडा कॅपमध्ये तसाच राहिला तर मान पुढे ढकलली जाते, म्हणून केसांची वेणी घालून ती कॅपमध्ये वर गुंडाळा. मणक्याचा त्रास डॉक्टरांनी तपासलेला नसेल तर आधी तपासून घ्या. हातांना मुंग्या येत असतील तर हे पुढे ढकला. सुरुवातीला मानेखाली नूडल ठेवून पडलात तर छान. उठताना गरगरतं का याकडेही लक्ष असू द्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर विशेष. गरगरलं तर रॉडला धरून थांबा, मॅडमना हाक मारा आणि त्या दिवशी फक्त चाला.